शंभर किलोची ऐरण आधी, की आग आधी? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

दादा, नवशिक्यांसाठी लिहिलेल्या माझ्या लोहारकामाच्या लेखाखालची तुमची कमेंट काल रात्री वाचली आणि आज सकाळी परत एकदा शांतपणे वाचली, कारण त्यातल्या एका मुद्द्यात चूक सरळसरळ माझी आहे आणि बाकी चार मुद्द्यांवर मला तुमच्याशी वाद घालायचाय. इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. ऐरणीऐवजी रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर शिकायला सांगून मी नवशिक्यांचा हात बिघडवतोय, शंभर किलोची शिंगवाली (एका टोकाला निमुळता गोल सुळका असलेली) ऐरण नसेल तर या कामात पडूच नये, खड्ड्यातली कोळशाची भट्टी आणि तिला हवा द्यायला हेअर ड्रायर हा पोरखेळ आहे, हातोड्याच्या हातात ग्लोव्हज घालू नका हे सांगणं बेजबाबदार आहे, आणि कमानपाट्याला (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीला) कडक करण्यासाठी तापवून पाण्यात विझवायला सांगणं तर साफ चूक आहे.

शेवटच्यापासून सुरू करतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. मी लिहिलं होतं "पाण्यात किंवा तेलात", आणि ते "पाण्यात" नको होतं. कमानपाट्याचं स्टील तेलात पुरेसं कडक होतं, पाण्यात ते इतक्या झटक्यात थंड होतं की आतल्या ताणाने चिरतं. मी स्वतः हे ऐकलंय, बादलीत पातं बुडवल्यावर दोन सेकंदांनी बारीकसा "टिंग" आवाज येतो, बाहेर काढलं तर पातं सरळ दिसतं, आणि नंतर कानस मारताना धारेपासून वर गेलेली केसाएवढी काळी रेघ सापडते. दोन दिवसांची मेहनत त्या एका आवाजात जाते. ते वाक्य आज बदललंय. आता तिथे असं आहे की चुंबक चिकटायचं बंद होईपर्यंत तापवा (ते साधारण ७७० अंशांना होतं), त्याच्या थोडं वर न्या, मग कोमट तेलात, तेलाचं भांडं लोखंडीच आणि झाकण हाताशी, कारण तेल पेटू शकतं. आणि लगेच २०० अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये तासभर दोनदा ठेवायचं, नाहीतर पातं काचेसारखं ठिसूळ राहतं.

आता ऐरणीचं. शंभर किलोची चांगली पोलादी ऐरण मिळत असेल तर घ्याच, मी कुठेच नको म्हटलेलं नाही. पण मोठी आणि ऐरणीच्या आकाराची वस्तू म्हणजे चांगली ऐरण, हे मला मान्य नाही. मी पहिली घेतली ती अशीच होती, रंग बघून घेतली, आकार अगदी चित्रातल्यासारखा, शिंग वगैरे सगळं, आणि आतून निघालं बीड, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंड. तिसऱ्या दिवशी हातोडा थोडा तिरका बसला आणि कडेचा अक्रोडाएवढा टवका उडून भिंतीवर आदळला. चेहऱ्यावर आला असता तर आज हे लिहायला बसलो नसतो. वर सगळे पैसे तिच्यातच गेलेले, त्यामुळे धड सांडशी घ्यायला काही उरलं नाही आणि पुढचे कितीतरी दिवस मी पक्कडीने गरम लोखंड धरत होतो. नमनालाच घडाभर तेल.

म्हणून मी प्रत्येकाला बेअरिंगची गोळी खिशात ठेवायला सांगतो. ऐरणीवर २५ सेंटिमीटरवरून सोडायची. चांगल्या पोलादावर ती १८-२० सेंटिमीटर परत वर येते, टक टक टक करत बराच वेळ नाचते. बिडावर निम्मीसुद्धा येत नाही, दोनदा ठपठप करून बसते. जेवढी गोळी उडते तेवढा तुमचा हातोडा आपोआप वर येतो, आणि दिवसभर काम केल्यावर हा फरक खांद्याला कळतो. जुनी ऐरण घेताना जागोजागी टाकून बघा, मध्येच आवाज मेला तर वरची पोलादी पाटी खालून सुटलेली असू शकते. आगीत सापडलेली ऐरण दिसायला ठीक पण मऊ पडलेली असते, तीही या गोळीने पकडता येते.

रुळाच्या तुकड्याबद्दल तुमचा राग मला समजतो, कारण लोक तो आडवा ठेवतात. आडवा रूळ घाव बसला की धनुष्यासारखा थरथरतो, मधली पाटी बारीक असते ना, घावातली ताकद त्या थरथरण्यात जाते. मी उभा ठेवायला सांगितलंय. मीटरला ६० किलोवाला रूळ अर्धा मीटर घेतला तर ३० किलो लोखंड सरळ घावाच्या खाली उभं राहतं, वर ठोकायला जागा तळहाताएवढी, पण हातोड्याचं तोंड तरी त्याहून मोठं कुठे असतं? एक किलोच्या हातोड्याला नवशिक्यासाठी तेवढं पुरतं. जपानी लोहार आजही बिनशिंगाच्या चौकोनी ठोकळ्यावर तलवारी घडवतात. फक्त तो तुकडा जड लाकडी ओंडक्यात घट्ट रुतवा, हलला की सगळं वाया, आणि उंची अशी की सरळ उभं राहून मूठ खाली सोडली की बोटांची पेरं वरच्या तोंडाला लागतील.

पण दादा, माझं खरं म्हणणं ऐरणीबद्दल नव्हतंच, ते आगीबद्दल होतं. नवशिक्याचं काम बिघडतं ते बहुतेक वेळा थंड लोखंड ठोकल्यामुळे. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मुलाला १२ एमएमच्या गोल बारला टोक काढायला दिलं होतं. बार छान पिवळा काढला, मग हातोडा शोधला, मग माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं, आणि ठोकायला लागला तेव्हा टोक विटकरी होऊन काळं पडत चाललेलं. तरी तो जोर लावून ठोकत राहिला. टोकाला माशाच्या तोंडासारखी चीर पडली. शंभर किलोच्या ऐरणीवरही तीच पडली असती, उलट थंड मोठी ऐरण बारीक बारची उष्णता जास्तच लवकर ओढते. त्याला सांगितलं, हातोडा आधी हातात, बार नंतर बाहेर, दहा-बारा सेकंद ठोक आणि लाल मंद झालं की परत आत. आणि गोल बारला गोल ठेवूनच टोक काढू नको, आधी चौकोनी कर, मग आठ कोनी, शेवटी गोल. पुढचं टोक त्याच रुळावर सुईसारखं निघालं.

आणि म्हणूनच हेअर ड्रायर. लोणारी (लाकडाचा) कोळसा, खाली एक पाइप, त्यातून हळू हवा, बस. भात्याने आणि ब्लोअरने तरी वेगळं काय होतं? गडबड होते ती हवा जास्त झाली की, म्हणून पाइपला झडप किंवा बाजूला भोक हवं म्हणजे जास्तीची हवा सोडता येते. बार हवेच्या तोंडाशी खुपसायचा नाही, तिथे न जळलेल्या ताज्या हवेत लोखंडावर जाड खपली धरते. हवेच्या वर वीतभर निखारा ठेवा आणि बार त्याच्या मध्यावर आडवा सरकवा. फुलबाजीसारख्या ठिणग्या बारमधूनच यायला लागल्या तर तो जळतोय, तेवढा भाग कापून टाका. आणि भट्टी सावलीत लावा, उन्हात रंग कळतच नाही, पिवळा झालेला बारही लालच दिसतो आणि माणूस तापवत बसतो. गॅसच्या भट्टीला माझा विरोध नाही, पण उष्णता अडवायला आतून लावलेल्या सिरॅमिक लोकरीवर लेप न देता कोणी ती पेटवू नये, तंतू फुफ्फुसात जातात. कोळसा असो की गॅस, बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा वासही येत नाही, तेव्हा दारं-खिडक्या उघड्याच हव्यात.

जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा पत्रा भट्टीत टाकू नका, हे मी लेखात लिहायला विसरलो होतो, तेही आज टाकलं. ९०७ अंशांना जस्त उकळतं, पांढरा धूर निघतो आणि त्याने रात्री थंडी वाजून ताप भरतो.

ग्लोव्हजवर मात्र मी ठाम आहे. हातोड्याच्या हातात ग्लोव्हज असला की पकड निसटते आणि माणूस मूठ जास्त आवळतो, मग कोपर दुखायला लागतं. सांडशीच्या हातात चामड्याचा चालेल, सिंथेटिक कधीच नाही, वितळून कातडीला चिकटतो. ग्लोव्हज घातला की माणूस काळा दिसणारा तुकडा बिनधास्त उचलतो, आणि ४०० अंशांचं लोखंड दिवसाउजेडी काळंच दिसतं. आधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघायची, हीच सवय लावायची. डोळ्यावर चष्मा आणि कानात बोळे याबद्दल मात्र तुमच्या-माझ्यात काहीच मतभेद नाही.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या सगळ्या सांडश्या तुम्ही स्वतः घडवल्यात. नवशिक्यांना मी सध्या एवढंच सांगतो की पहिले काही महिने दोन-अडीच फुटाचा लांब बारच घ्या म्हणजे सांडशी लागतच नाही, पण त्यानंतर गोल बार पकडणारी पहिली सांडशी कशी घडवायची, रिव्हेटची जागा किती सोडायची आणि जबडा गरम असतानाच बारवर कसा बसवायचा, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त नीट माहीत असणार. खाली सविस्तर लिहा, तुमचं नाव देऊन मी ते लेखातच जोडतो.