परदेशातून: भूलतज्ज्ञाला उत्तरं कोणी द्यायची?

आमच्या नातेवाइकांत सध्या एकच वाद चाललाय, बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनआधी त्यांना भुलीबद्दल किती सांगायचं. एका बाजूचं म्हणणं, सगळं सांगून कशाला घाबरवायचं, बीपी वाढेल, ऑपरेशन पुढे जाईल, सह्या आपण करू आणि डॉक्टरांशीही आपणच बोलू. दुसऱ्या बाजूला मी आणि माझी आतेबहीण, आमचं म्हणणं गुडघा बाबांचा आहे, सुई त्यांनाच टोचणार आहे, तर बोलायचंही त्यांनीच. मी इंग्लंडमध्ये राहते त्यामुळे "तिकडचं तिकडे ठेव" हे उत्तर ठरलेलंच असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं पित्ताशयाचं ऑपरेशन इकडे झालं. त्याआधी प्री-असेसमेंटला, म्हणजे ऑपरेशनआधीच्या तपासणीला बोलावलं आणि नर्सने नुसते प्रश्न विचारले. न थांबता किती जिने चढता, रात्री घोरता का, झोपल्यावर आंबट वर येतं का, दात हलतोय का, आधी कधी भूल घेतली होती का, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का. नवरा शेजारी होता, तो सवयीने उत्तर द्यायला लागला तर तिने हसत हात वर करून त्याला थांबवलं आणि पुन्हा माझ्याकडे वळली. यातला एकही प्रश्न उगाच नसतो. आंबट वर येत असेल तर भुलीत पोटातलं फुफ्फुसात जायची भीती जास्त, घोरणाऱ्याला झोपेत श्वास अडकायचा त्रास असू शकतो आणि भुलीनंतर तो वाढतो, हलणारा दात घशात श्वासाची नळी घालताना निखळू शकतो. आणि काही घराण्यांत भुलीच्या विशिष्ट औषधांनी शरीराचं तापमान भयंकर चढतं, ते आधी कळलं तर ती औषधं टाळता येतात. मग तोंड मोठं उघडून जीभ बाहेर काढायला लावतात, त्यावरून नळी घालणं कितपत अवघड जाईल याचा अंदाज येतो. ही पद्धत 1985 साली मांडली शेषगिरी राव मल्लमपती यांनी, भारतातून अमेरिकेत गेलेले भूलतज्ज्ञ, त्यामुळे हे सगळं "तिकडचं" आहे असं म्हणण्यात तसाही फारसा अर्थ नाही.

आता आपल्याकडचं बघा. वडील खुर्चीत, मुलगा बाजूला उभा, डॉक्टर विचारतात तंबाखू, दारू काही? मुलगा म्हणतो छे छे काही नाही. वडील गप्प. मुलगा खोटं बोलत नसतो हो, त्याला खरंच माहीत नसतं, आणि सून, मुलगी, जावई सगळे समोर असताना वडील कुठल्या तोंडाने सांगणार? पण वर्षानुवर्षं गुटखा खाल्लेल्या माणसाचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही कधीकधी, रोज पिणाऱ्याची दारू ऑपरेशनमुळे अचानक सुटली की दोन-तीन दिवसांत भ्रम, थरथर सुरू होते, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे लपलं तर कमरेतून भूल देताना मणक्यात रक्तस्राव होऊ शकतो. या गोष्टी पेशंटच सांगू शकतो, आणि तेही चार मिनिटं एकटा सापडला तरच.

कायद्याचं म्हणाल तर तो आपल्याकडेही स्पष्ट आहे. सुप्रीम कोर्टाने 2008 मध्ये निकाल दिलाय. एक बाई तपासणीसाठी भुलीखाली होती, बाहेर बसलेल्या तिच्या आईची परवानगी घेऊन डॉक्टरांनी तिचं गर्भाशय काढलं. कोर्टाने सांगितलं की सज्ञान, सुजाण पेशंटच्या वतीने आईची संमती चालणार नाही. म्हणजे "सह्या आपण करू" हे प्रेमापोटी असलं तरी बरोबर नाही.

पण इकडचं सगळं चांगलं असंही मी म्हणणार नाही. तारीख मिळायला महिनोन्महिने जातात, दुखणं अंगावर काढत बसायचं. प्रत्यक्ष भूल देणारा डॉक्टर बऱ्याचदा ऑपरेशनच्या दिवशी सकाळीच पहिल्यांदा दिसतो. आणि पूर्ण भूल देऊन त्याच दिवशी घरी सोडायचं असेल तर पुढचे 24 तास सोबत मोठं माणूस हवं. माझ्या ओळखीतली एक मुलगी एकटी राहते, तिला कोणी मिळालं नाही म्हणून तिचं ऑपरेशन ऐनवेळी रद्द झालं, तेव्हा ती फोनवर जी रडली ते मी विसरणार नाही. आपल्याकडे अशा वेळी सहा जण दारात उभे असतात. घराण्यातला भुलीचा इतिहास तरी मला कुठे माहीत होता, आईला फोन करून विचारला. माणसं हवीतच, माझा वाद त्यांच्याशी नाहीच.

राहिली भीती. कमरेत इंजेक्शन घेतलं की कंबर कायमची जाते, हे आमच्याकडे तीन मावश्यांनी तीन वेळा सांगून झालंय. टोचल्याजागी थोडे दिवस दुखतं, काहींना डोकेदुखी होते आणि ती डॉक्टरांना सांगायची असते, पण त्या सुईने कायमची कंबरदुखी लागते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तसंच रात्री बारापासून पाण्याचा थेंब नाही, हेही. सर्वसाधारण नियम आहे जेवण 6 तास आधी बंद, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. दूध पाण्यात धरत नाहीत, दुधाचा चहासुद्धा नाही. बाबांना डायबेटिस आहे, त्यात वजन कमी करायचं आठवड्याचं इंजेक्शन चालू आहे ज्याने पोट हळू रिकामं होतं, त्यामुळे त्यांचे तास आणि त्यांच्या गोळ्या भूलतज्ज्ञच ठरवणार, मावश्या नाही आणि मीही नाही.

भाऊ गुरुवारी त्यांना फिटनेसला, म्हणजे ऑपरेशनआधीच्या तपासणीला घेऊन जातोय. त्याला सांगितलंय, सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाल, काढ्याची बाटलीसुद्धा, आत बाबांना उत्तरं देऊ दे, राहिलं तर तू भर घाल आणि मध्ये थोडा वेळ पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जा.