इंजिन बंद, डोळे बंद

तुम्ही ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ट्रकना जीपीएस बसवून घेतलात, झकास केलंत. आता रोज सकाळी ऑफिसात चहाबरोबर रिपोर्ट उघडायचा आणि बाकी सगळं सोडून थेट शेवटच्या लाल रकान्याकडे जायचं. आयडलिंग. गाडी उभी, इंजिन चालू, डिझेल जळतंय. कारखान्याच्या गेटवर वाया गेलेले दोन दिवस, वाराईवरून (माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीवरून) झालेली वादावादी, घासलेले टायर या भानगडीत पडू नका. त्यासाठी गिऱ्हाइकाशी भांडावं लागतं. आयडलिंगसाठी नुसता ड्रायव्हरला फोन लावला की भागतं.

मर्यादा पाच मिनिटांची ठेवा. पाचच का, असं कोणी विचारलं तर "कंपनीची पॉलिसी" म्हणून मोकळं व्हायचं. हिशेब मात्र तोंडपाठ पाहिजे, कारण तो खरा आहे. सहा सिलिंडरची मोठी गाडी एसी लावून उभी राहिली तर तासाला साधारण २ लिटर डिझेल पिते. रात्रीचे आठ तास म्हणजे १६ लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर १,४४०. महिन्यात वीस रात्री रस्त्यावर गेल्या, तर एका गाडीमागे २८,८०० रुपये. शिवाय तासन् तास रिकामं चाललेलं इंजिन पुरतं तापत नाही, काजळी धरतं, ऑइल लवकर खराब होतं. तुमचा मुद्दा बिनतोड आहे. तो तसाच राहावा म्हणून यापुढचा एकही आकडा मांडायचा नाही.

यंत्र घेताना स्वस्तातलं घ्या. स्वस्त यंत्राला इंजिन फिरतंय की नाही हे कळत नाही. त्याची एक वायर किल्लीच्या स्विचला जोडलेली असते, बस्स. किल्ली चालू आणि वेग शून्य, की धरलं आयडलिंग. त्यामुळे ज्या गाडीत पंख्याला नि रेडिओला किल्ली लागते, तिथे ड्रायव्हरने इंजिन बंद ठेवून नुसता पंखा लावला तरी तुमच्या पडद्यावर लाल पट्टी उमटते. डिझेलचा थेंबही न जळता आयडलिंग मोजून देणारं यंत्र, एवढ्या पैशात आणखी काय पाहिजे? इंजिनाच्या कॉम्प्युटरमधून आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) वाचणारं यंत्र चुकूनही बसवू नका. त्यात खरं दिसतं.

सकाळची पहिली पट्टी हवेची असेल. स्टार्टर मारल्यावर ब्रेकच्या टाक्यांत हवा भरेपर्यंत बझर ओरडत राहतो आणि प्रेशर साडेपाच-सहा बारच्या वर चढल्याशिवाय उभ्या गाडीला धरून ठेवणारे मागचे स्प्रिंग ब्रेक सुटत नाहीत. गाडी धडधाकट असेल तर हे काम तीन-चार मिनिटांचं. कुठे पाइप किंवा डायफ्रॅम फुसफुसत असेल तर रात्रीत टाकी रिकामी होते आणि दहा मिनिटं लागतात. गळती काढायला फिटर, सुटे भाग आणि अर्धा दिवस लागतो. दंड करायला काही लागत नाही.

पाच मिनिटं जमली की मर्यादा दोनवर आणा. मग टर्बोचीही (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा) गंमत बघता येईल. चिपळूणहून भरलेली गाडी कुंभार्ली घाट चढून हेळवाकला टेकते, तेव्हा टर्बो भाजून निघालेला असतो. जुनी पद्धत अशी की इंजिन दोन-तीन मिनिटं रिकामं फिरू द्यायचं, म्हणजे ऑइल खेळत राहतं आणि टर्बो निवतो. तडकाफडकी किल्ली काढली तर ऑइल जागच्या जागी करपतं, बेअरिंगवर कोळसा धरतो, आणि काही महिन्यांनी टर्बो शिट्टी मारायला लागतो. पण टर्बोचं बिल 'दुरुस्ती' या खात्यावर पडतं. ते खातं तुमच्याकडे नाही ना? मग झालं तर.

बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक निकषांच्या, गाड्यांचं दुखणं वेगळं. १ एप्रिल २०२० नंतर आलेल्या या गाड्यांच्या सायलेन्सरला काजळी अडवणारी जाळी असते. गाडी कराड-पुणे एका दमात धावली की जाळी तापून आपोआप साफ होते. पण दिवसभर कुपवाड-मिरज-कुपवाड अशा फेऱ्या असतील तर ती तापतच नाही, भरत जाते, आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग गाडी बाजूला घेऊन बटण दाबायचं. इंजिन आपण होऊन आरपीएम वाढवतं, जाळी साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापते, वीस ते चाळीस मिनिटांत काम होतं. (जागा बघून करावं. खाली उसाचं पाचट किंवा वाळलेलं गवत असेल तर गाडीसकट साफसफाई होते.) विसाव्या मिनिटाला तुमचा फोन गेला पाहिजे. "गाडी का चालू आहे?" ड्रायव्हर निमूटपणे बंद करेल. असं चार-पाच वेळा घडलं की गाडीचा पिकअप पडतो, चढाला ती बैलगाडीसारखी रांगते, आणि मग सर्व्हिस सेंटरला नेऊन लॅपटॉप जोडावा लागतो. तोवर ड्रायव्हरला "गाडी दाबत नाहीस" म्हणून झापता येतं, हा वरकड फायदा.

आता झोप. इथे जरा वेळ काढा, कारण ड्रायव्हर लोक सगळ्यात जास्त कुरकुर इथेच करतात.

आपल्याकडच्या ट्रकचं केबिन इंजिनावरच बसवलेलं असतं. रात्री दहाला नागठाण्याच्या अलीकडे-पलीकडे ढाब्यावर गाडी लावली, किल्ली काढली, की एसी त्या क्षणी बंद. खालचं इंजिन मात्र भरल्या चुलीसारखं दोन तास धग सोडत राहतं. म्हणजे एप्रिलच्या रात्री बाहेर वारं सुटत असताना केबिन पहिला तासभर उलट तापतं. इंजिनाच्या झाकणाखालचं फेल्ट फाटलेलं असेल, आणि ते फाटलेलंच असतं, तर शेक थेट पाठीला. बर्थ दोनेक फूट रुंद, त्यावर रेक्झिन. रेक्झिन पुसायला सोपं म्हणून लावतात. घाम शोषायचं काम त्याचं नाही. चादर टाकली तर रात्रीत ती गोळा होऊन कोपऱ्यात जाते आणि सकाळी पाठीवर शिलाईचा छापा उठतो.

यावर तुम्ही दोन सूचना काढा, शक्यतो एकाच मेसेजमध्ये. पहिली: काचा उघड्या ठेवून झोपावे, नैसर्गिक हवा आरोग्याला चांगली. दुसरी: काचा बंद करून झोपावे, डिझेल, बॅटरी किंवा ताडपत्री चोरीला गेल्यास भरपाई ड्रायव्हरकडून वसूल केली जाईल. काचा उघडल्या तर डास येतात, म्हणून गडी कॉइल लावतो. कॉइल लावली की चोराच्या भीतीने काचा लावतो. हळदीचं पेव, म्हणजे जमिनीखालचं कोठार, फोडताना सांगलीजवळच्या हरिपूरचे लोक आधी तोंड उघडून हवा खेळू द्यायचे, मगच माणूस आत उतरायचा. धुराने कोंदलेल्या केबिनमधून सकाळी सहाला उठून सरळ खंबाटकी घाटाच्या रस्त्याला लागणाऱ्यासाठी अशी काही रीत अजून पडलेली नाही.

ढाब्याच्या बाजेवर झोपायचं म्हटलं तर गाडी नजरेसमोर राहत नाही. गाडीखाली झोळी बांधायची म्हटलं तर सावली मिळते, वारं मिळतं, आणि शेजारच्याने पहाटे आरसा न बघता गाडी मागे घेतली तर कायमची विश्रांती मिळते. यातलं तुम्ही काहीच सुचवू नका. नुसतं "आपापली सोय बघा" म्हणा. त्यात सगळं येतं.

कायद्याचं कोणी काढलंच तर घाबरू नका. १९६१च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. विश्रांतीत झोप लागली पाहिजे, असं कुठे लिहिलं होतं? आणि १ ऑक्टोबर २०२५पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या प्रत्येक मालट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, हेही खरं. एसी असला पाहिजे एवढंच त्यात आहे. डिझेल कोणी घालायचं, हे नाही. तेव्हा नवी गाडी घेताना एसीचा फोटो ग्रुपवर जरूर टाका, आणि खाली पाच मिनिटांची सूचना पुन्हा टाका.

काही आगाऊ ड्रायव्हर पंख्याची जोडणी स्वतःच करतील. गाडीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. बाजारात १२ व्होल्टचा पंखा स्वस्त आणि कुठेही मिळतो, म्हणून गडी एकाच बॅटरीवरून वायर ओढतो. रोज ती बॅटरी थोडी थोडी उतरते, दुसरी भरलेलीच राहते. इंजिनावर वीज बनवणारा अल्टरनेटर दोघींना मिळून चार्ज करतो, त्याला यातलं काही ठाऊक नाही. परिणामी भरलेलीचं पाणी उकळून उडतं आणि उतरलेली कधीच पुरी भरत नाही. चार-सहा महिन्यांत जोडी बाद. २४ व्होल्टचा छोटा पंखा लावला असता तर तो पाऊण ॲम्पिअरसुद्धा खात नाही. आठ तासांत सहा ॲम्पिअर-तास, १५० ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीला कळतही नाही. हे ड्रायव्हरला सांगायचं नाही. बॅटरीचे पैसे कापायचे.

कोणी तुम्हाला बॅटरीवर चालणाऱ्या पार्किंग एसीची माहिती पाठवेल. त्यावर उत्तर देण्यासाठी एवढं गणित पुरे: तो २४ व्होल्टवर २५-३० ॲम्पिअर ओढतो. गाडीची बॅटरी १५० ॲम्पिअर-तासांची, त्यातली निम्मीच वापरायची, नाहीतर सकाळी स्टार्टर नुसता टक्‌ टक्‌ करतो आणि भरलेल्या गाडीला धक्का मारायला अख्खी वरात लागते. निम्मी म्हणजे ७५, म्हणजे अडीच-तीन तासांचा गारवा. "बघा, रात्र पुरत नाही," म्हणून विषय संपवा. वेगळी मोठी बॅटरी, व्होल्टेज उतरलं की एसी आपोआप तोडणारा कट-ऑफ आणि तिला पुरेल असा अल्टरनेटर बसवला तर रात्र पुरते, हे त्याच पत्रकात खाली बारीक अक्षरात असेल. आणि महिन्याच्या त्या २८,८०० रुपयांत हा सगळा सरंजाम किती महिन्यांत फिटतो, हा भागाकार करायचा नाही असं आपलं आधीच ठरलंय.

फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगाव किंवा कवठेमहांकाळच्या बाजूला द्राक्षाचा निर्यातीचा कंटेनर लागला, तर तिथे मात्र नियम थोडा सैल करावा लागेल. द्राक्षाला शून्य अंशाच्या आसपास ठेवावं लागतं. त्यासाठी कंटेनरचा स्वतंत्र डिझेल जनरेटर रात्रभर धडधडत असतो, आणि तो बंद पडला तर मण्यांचा ताजेपणा जातो, देठ सुकतात, गिऱ्हाईक माल परत करतं. द्राक्ष नाशवंत आहे. ड्रायव्हरचं तसं नसतं. तेव्हा केबिनच्या मागच्या पत्र्याला पाठ लावून त्याने झोपावं. पलीकडे शून्य अंश आहे, या विचारानेही बरं वाटतं. दर दोन तासांनी उठून तापमानाचा फोटो पाठवायची सक्ती करा, म्हणजे तो जागा आहे हेही कळेल.

रांगेतलं आयडलिंग वेगळं मोजू नका. साखर भरायला कारखान्यावर पन्नास गाड्या उभ्या असतात, दर सात-आठ मिनिटांनी रांग एक गाडीभर पुढे सरकते. दर वेळी बंद-चालू केलं तर दिवसात पन्नासेक स्टार्टर. नाही केलं तर लाल पट्टी. गाडी रांगेत सकाळी सातलाच कोणी पाठवली, हे विचारायचा रकाना तुमच्या रिपोर्टमध्ये नाही, आणि ई-वे बिलाची (माल नेण्याच्या जीएसटी कागदाची) मुदत दिवसाला २०० किलोमीटर या हिशेबाने, त्यात गाडीचा नंबर भरला की पळायला लागते, तो ताण पुन्हा ड्रायव्हरच्याच डोक्यावर.

हुशार गडी यातूनही वाट काढतातच. उकाड्यात एसी हवा असला की आवारात गाडी पाच मिनिटांनी थोडी पुढे, थोडी मागे घेतात. वेग शून्य नाही, म्हणजे आयडलिंग नाही. डिझेल उभ्या गाडीपेक्षा जास्त जळतं, टायर जागच्या जागी घासतात, बाकीच्यांची झोपमोड होते. तुमचा आलेख मात्र हिरवागार. त्याचा स्क्रीनशॉट मालकाला जरूर पाठवा.

महिनाअखेरीला सगळ्यात कमी आयडलिंगवाल्या ड्रायव्हरचा सत्कार ठेवा. शाल, श्रीफळ, ग्रुपवर फोटो. यादी वरून खाली बघत बसायची गरज नाही, शून्य मिनिटंवाली गाडी एकच असेल. टर्बो उतरवून, दोन्ही बॅटऱ्या काढून ती तीन आठवडे कराडच्या गॅरेजमध्ये लावलेली आहे. ड्रायव्हरला शाल घ्यायला बोलवा. तो गावी आहे, झोपलाय.