परत अकरावी का गं?

सासूबाईंना सांगलीला फोन केला आणि म्हटलं, मी कॉलेजात नाव घालतेय. कुठल्या, असं विचारल्यावर तोंडातून निघून गेलं, "इथलं ज्युनिअर कॉलेज." पलीकडं दोन सेकंद शांतता. मग, "अगं, परत अकरावी का गं?"

त्यांचं चुकलं नाही. इथं अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजला पूर्वी ज्युनिअर कॉलेजच म्हणायचे, अजूनही काही जण म्हणतात. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ पासून चालू आहे, नावात अजूनही ज्युनिअर कॉलेजच. दोन वर्षांचं शिक्षण, प्रवेश सगळ्यांना खुला, वय कुणी विचारत नाही. एकट्या कॅलिफोर्नियात अशी सरकारी कॉलेजं ११६ आहेत.

आणि तरी आपल्या बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या मंडळींत हा शब्द आवाज खाली करून उच्चारतात. मुलगा बर्कलीच्या नामांकित विद्यापीठात असेल तर गणपतीच्या पंगतीत मीठ वाढायच्या आधी आपल्याला कळलेलं असतं. कम्युनिटी कॉलेजात असेल तर "इथंच जवळ शिकतोय". मला हे फार डाचतं. ठरलेले विषय आणि ठरलेले मार्क मिळवले तर डेव्हिस, अर्व्हाइन, सांता बार्बरा, सांता क्रूझ, रिव्हरसाइड आणि मर्सेड ही युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची (यूसीची) सहा विद्यापीठं इथल्या कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना तिसऱ्या वर्षाला प्रवेशाची लेखी हमी देतात. (बर्कली, लॉस एंजलिस, सॅन दिएगो देत नाहीत, पण तिथंही दरवर्षी मुलं जातात.) पदवीवर पहिली दोन वर्षं कुठं काढली ते छापत नाहीत. असो, तो आयांचा विषय. मी स्वतःसाठी शोधत होते.

शिवाजी विद्यापीठाचं बी.कॉम., सहकारी बँकेत नऊ वर्षं, मग इथं येऊन बरीच वर्षं घर. आता वर्क परमिट आलंय. डेबिट-क्रेडिट डोक्यात पक्कं आहे, पण इथला टॅक्स, इथलं पेरोल, म्हणजे पगाराचा हिशेब, काही माहीत नाही. म्हणून अकाउंटिंगचं सर्टिफिकेट करायचं. लेकीची शाळा आणि तिचं पोहणं सांभाळून, म्हणजे संध्याकाळीच. गाडीनं जाण्याजोगी दोन कॉलेजं होती. ओळखीत विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, "ते पहिलं चांगलं आहे, नाव आहे त्याचं." कशात चांगलं? ते कुणालाच सांगता येईना.

मग मी कॅटलॉग उघडले. कॉलेजचा कॅटलॉग म्हणजे लग्नाचा बायोडेटा. गृहकृत्यदक्ष, सुस्वभावी, सगळं त्यात असतंच. पहिल्या कॉलेजच्या कॅटलॉगात माझ्या सर्टिफिकेटचे सात विषय दिमाखात छापलेले. पण कॅटलॉगात विषय असणं वेगळं आणि तो त्या सत्रात खरंच शिकवणं वेगळं. शिकवतात ते वेळापत्रकात दिसतं, आणि जुनी वेळापत्रकंही वेबसाइटवर असतात. बँकेची सवय, मी चार सत्रांची वेळापत्रकं काढून एक्सेलमध्ये टॅली मारली. सातांतले दोन विषय चारही सत्रांत फक्त सकाळी साडेनऊला. एक तर कुठंच नाही! काउंटरवर विचारलं तर म्हणे, मागणी असेल तर ठेवतो. वर हेही कळलं की मुलं कमी भरली तर पहिल्या आठवड्यातही वर्ग रद्द होतो. म्हणजे वर्षाचं सर्टिफिकेट मला तीन वर्षं पुरलं असतं. दुसऱ्या कॉलेजचा कॅटलॉग बारीक, पण त्यातले सहाच्या सहा विषय आलटून पालटून संध्याकाळी होते. माझ्या लेखी निकाल तिथंच लागला.

तरी स्थळ घरी जाऊन बघायची आपली पद्धत. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला दोन्हीकडं गेले, कारण माझी वेळ तीच. वेबसाइटवरचे फोटो सकाळचे असतात, हिरवळीवर बसून हसणारी मुलं वगैरे. पहिल्याच्या पार्किंगमध्ये अकरा गाड्या. काउन्सेलिंगचे दिवे पाचला बंद, दारावर चिकटवलेला कागद. दुसऱ्याच्या इमारती जुनाट, एका पायरीचा टवका उडालेला. पण शिकवणी केंद्र चालू. एका टेबलावर साठीचे एक गृहस्थ, छातीवर कंपनीचं नाव शिवलेला निळा शर्ट, कामावरून थेट आलेले. समोर विशीतली ट्यूटर. महिनाअखेरच्या देणे पगाराची नोंद चालली होती आणि त्यांनी डेबिट-क्रेडिट उलटं टाकलेलं. तिनं काही सांगितलं नाही, पेन्सिल फक्त त्या ओळीवर टेकवून धरली. ते बराच वेळ बघत राहिले, मग स्वतःच खोडलं. मी खिडकीबाहेर उभी होते. आमच्या बँकेत नव्या पोरांना मी इतक्या शांतपणे कधी शिकवलं नाही, खरं सांगते.

पैशाचं एक सांगते, कारण मीही फसणार होते. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला सेमिस्टरच्या कॉलेजात एका युनिटचे (विषय केवढा ते मोजायचं माप) ४६ डॉलर पडतात. डी अँझा, फुटहिल ही इथली कॉलेजं क्वार्टरवर, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोट्या सत्रांवर चालतात, तिथं ३१. मला वाटलं, वा, तिकडं स्वस्त! पण क्वार्टरचं युनिट सेमिस्टरच्या दोन-तृतीयांशच असतं, हिशेब तिथल्या तिथं. खरा फरक पडतो तो रहिवासी ठरण्या-न ठरण्यानं, बाहेरच्याला फी कित्येक पट लागते. आणि पुस्तकांनी. कुठल्या वर्गाला पुस्तकाचा खर्च नाही याची खूण वेळापत्रकात करायचा इथं कायदाच आहे. ती खूण शोधा. एकेक पुस्तक फीइतकं महाग असतं.

पदवी पूर्ण करणाऱ्यांची जी टक्केवारी सगळे तोंडावर फेकतात, तिनं मीही आधी घाबरले होते. मग वाचलं की त्या नेहमीच्या आकड्यात पहिल्यांदाच कॉलेजात आलेली, पूर्णवेळ शिकणारी मुलंच मोजतात. म्हणजे मी त्यात नाही, ते निळ्या शर्टवाले काकाही बहुतेक नाहीत. मान्यता मात्र जरूर बघा. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजची मान्यता काढून घ्यायचं २०१३ मध्ये ठरलं होतं. ती शेवटपर्यंत गेली नाही, २०१७ ला पुन्हा पक्की झाली, पण मधल्या काळात हजारो विद्यार्थी गळाले. प्राध्यापकांना तारे देणाऱ्या साइटवर मी एक अख्खी रात्र घालवली. तिथं लिहितात एक तर नापास झालेले, नाही तर प्रेमात पडलेले.

परवा नोंदणी झाली. दोन विषय घेतले. पेरोलचा वर्ग भरलेला, वेटलिस्टवर माझा नंबर चौथा. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही तर शिक्षक वर्गातच ॲड कोड, म्हणजे नाव घालायचा नंबर, देतात, त्यामुळं जाऊन बसायचं. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग लवकर जा हो, पुढचा बाक धर."