कपाटातल्या साठ बायका

मोठी पोस्ट आहे. निवांत असाल तरच वाचा.

मागच्या महिन्यात, मी जिथून एमडी केलं त्या कॉलेजच्या लायब्ररीत गेले होते. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात गेले असते तरी हेच दिसलं असतं. बाहेर नागपूरचं ऊन मी म्हणत होतं, आत कुलरसमोर खुर्ची ओढून ग्रंथपाल बसलेले. "जुने थिसिस? ते मागच्या खोलीत आहेत मॅडम. पण किल्ली कोणाजवळ आहे ते पाहावं लागते." किल्ली सापडायला पाऊण तास गेला. लोखंडी कपाटात, मरून रेक्झिनच्या बांधणीत, सोनेरी अक्षरं उडत चाललेला माझा थिसिस निघाला. साल २००१. विषय: गरोदर बायकांना लोहाची गोळी रोज द्यावी की आठवड्यातून एकदा. बायका साठ.

मी काय काम करते हे आमच्या नातेवाइकांना वीस वर्षांत कळलेलं नाही. पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंध आणि समाजाच्या आरोग्याचा विषय, घेतलं तेव्हा "क्लिनिकल मिळालं नाही का गं?" हे विचारून झालं. पुढे मी पेशंटही तपासत नाही म्हटल्यावर धंतोलीत दवाखाना असलेल्या मामांनी विषयच सोडून दिला. मी सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करते. एक प्रश्न घ्यायचा, त्यावर जगभरात झालेल्या चाचण्या शोधायच्या, सोयीच्या तेवढ्या नाही, सगळ्या. प्रत्येकीत पाणी कुठं मुरतंय ते तपासायचं आणि मग सगळ्यांचा मिळून हिशेब मांडायचा. एकेका शोधात तीन-चार हजार शीर्षकं येतात. ती दोघांनी एकमेकांना न विचारता चाळायची आणि शेवटी ताडून पाहायची. आई होती तेव्हा स्वयंपाकघरातून म्हणायची, "माझे तांदूळ निवडून झाले, तुझं अजून चालूच आहे का बाप्पा?"

या कामाची मुळं आर्ची कॉक्रन या ब्रिटिश डॉक्टरपर्यंत जातात. १९७९ साली त्यांनी आपल्याच पेशाचे कान उपटले होते: औषधोपचारांच्या चाचण्या एवढ्या होतात, पण विषयवार त्या सगळ्यांचा आढावा घेऊन तो वेळोवेळी ताजा ठेवायची व्यवस्था आपण कधी केलीच नाही. ती व्यवस्था १९९३ मध्ये ऑक्सफर्डला इयान चाल्मर्स यांच्या पुढाकाराने उभी राहिली आणि तिला कॉक्रन यांचंच नाव मिळालं. तिचं बोधचिन्ह मी लेक्चरला नेहमी फळ्यावर काढते. एक उभी रेघ, म्हणजे 'औषधाने काही फरक नाही'. तिच्या आसपास सात आडव्या रेघा, एक रेघ म्हणजे एक चाचणी. दिवस भरण्याआधी बाळंत होऊ घातलेल्या आईला स्टिरॉइडचं स्वस्तातलं इंजेक्शन दिलं तर बाळ वाचतं का, हा प्रश्न. पहिल्या चाचणीचा निकाल १९७२ मध्ये ऑकलंडहून आला. बहुतेक रेघा त्या उभ्या रेघेला शिवतात, म्हणून एकेक पाहणारा डॉक्टर म्हणे, अजून नक्की नाही. सगळ्यांच्या एकत्रित निकालाची जी हिऱ्याच्या आकाराची खूण खाली काढतात ती मात्र रेघेपासून साफ बाजूला पडते. बाळ दगावण्याची शक्यता ३० ते ५० टक्क्यांनी कमी. हा हिशेब १९८९ पर्यंत कोणी मांडला नव्हता. त्या सतरा वर्षांत किती बाळं विनाकारण गेली असतील, याचा विचार मी लेक्चरच्या आदल्या रात्री करत नाही.

इथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. तिचा पुढचा भाग आपल्या अंगणातला आहे आणि तो सांगताना माझा आवाज अजून थोडा वर चढतो.

इंजेक्शन एवढं गुणकारी, तर मोठ्या हॉस्पिटलपुरतंच का? गावपातळीवर, उपकेंद्रापर्यंत का नेऊ नये? हे पाहायला सहा देशांत सात ठिकाणी एक प्रचंड चाचणी झाली. भारतातली दोन ठिकाणं: बेळगाव आणि नागपूर. हो, आपलं नागपूर, आजूबाजूच्या खेड्यांसह. निकाल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला तेव्हा सगळे चाट पडले. जी अगदी लहान बाळं वाचावीत म्हणून हा खटाटोप, त्यांच्यातले मृत्यू कमी झाले नाहीत. उलट एकूण नवजात मृत्यू वाढले: हजार जिवंत जन्मांमागे जिथे हा कार्यक्रम राबवला तिथे २७.४, जिथे नाही तिथे २३.९. दिवस किती भरलेत याचा अंदाज गावात चुकतो, त्यामुळे इंजेक्शन मिळालेल्या कित्येक बायका वेळेवरच बाळंत झाल्या. आयांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही जास्त दिसला. मग जागतिक आरोग्य संघटनेने जिथे सोनोग्राफी आहे, आजारी नवजाताची काळजी घेण्याची सोय आहे, अशा हॉस्पिटलांत नवी चाचणी घेतली. भारतासह पाच देशांत. तिचा निकाल २०२० मध्ये आला आणि तिथे इंजेक्शनने बाळं वाचली.

म्हणजे औषध तेच, पण ते कोणाच्या हातून, कुठे आणि किती खात्री करून दिलं जातं यावर सगळं फिरलं. हे आपल्याला कळलं, कारण एक नकोसा निकाल कोणी कपाटात कोंबला नाही. नागपूरच्या आसपासच्या बायकांनी दिलेली माहिती जगाच्या कामी आली. माझ्या साठ बायकांची नाही आली.

मी तेव्हा काय केलं ते सांगते. दोन्ही गटांचं हिमोग्लोबिन जवळपास सारखंच निघालं. गाईड म्हणाले, "यात काही निघालं नाही, छापणार कोण? परीक्षेचं बघ." मला तर सुटल्यासारखंच झालं. दहा-अकरा वर्षांनी नेमक्या याच प्रश्नावरचा कॉक्रन रिव्ह्यू आला. रोज गोळी न घेणाऱ्यांचे परिणाम जवळपास तसेच, त्रास कमी, दिवस भरत आल्यावर सौम्य ॲनिमिया मात्र थोडा जास्त. आणि पुराव्याचा दर्जा कमी, कारण चाचण्या लहान आणि सदोष. त्यातल्या चाचण्यांची यादी मी तीनदा वाचली. आपण नसणार हे माहीत असूनही लग्नाच्या अल्बममध्ये आपला फोटो शोधावा, तशी.

तर लायब्ररीत बसून, दुसऱ्यांच्या चाचण्यांना मी जो फॉर्म लावते तोच माझ्या थिसिसला लावला. पहिलाच प्रश्न: गट कसे पाडले? थिसिसमध्ये ऐटीत लिहिलंय 'यादृच्छिक पद्धतीने', म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे. प्रत्यक्षात ओपीडीचा नंबर सम असेल तर रोज, विषम असेल तर आठवड्याला. म्हणजे पुढची बाई कुठल्या गटात जाणार हे मला आधीच दिसत होतं. एखादी फारच फिकट दिसली तर तिला 'रोज'मध्ये बसवता यावं म्हणून नंबर मागे-पुढे केल्याचंही आठवतं. दुसरं: सुरुवातीला साठ बायका, शेवटच्या तक्त्यात बावन्न. आठजणी गेल्या कुठे, यावर शंभर पानांत एक ओळ नाही. परीक्षकांनीही विचारलं नव्हतं. दुसऱ्या कोणाचा असता तर 'हाय रिस्क', म्हणजे निकालावर भरवसा ठेवणं धोक्याचं, असं लिहून पुढे गेले असते.

आता माझं म्हणणं. एवढा सदोष थिसिसही बाहेर यायला हवा होता. वाईट चाचणी दिसली तर रिव्ह्यू करणारा तिचं वजन कमी करू शकतो. जी दिसतच नाही तिचं काय करणार? लॉर्केनाइड नावाचं हृदयाच्या ठोक्यांचं औषध होतं. १९८० मध्ये इंग्लंडात शंभरापेक्षा कमी पेशंटवर त्याची चाचणी झाली, औषध घेणाऱ्यांत नऊजण गेले, न घेणाऱ्यांत एक. योगायोग असेल म्हणून कागद बाजूला पडले. ते छापून आले १९९३ मध्ये. तोवर त्याच जातीची औषधं हार्ट अटॅकनंतर सर्रास दिली गेली आणि त्यांनी माणसं मरतात हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने दाखवूनही झालं होतं.

यावर माझेच मित्र म्हणतात, "अगं, निम्मे थिसिस टेबलावर बसून बनवलेले असतात, ते कशाला बाहेर काढतेस?" निम्मे की किती ते सोडा, बनवलेले असतात हे आपण सगळे जाणतो. पण २०२१ मध्ये आपल्याकडे कोविडवर घरोघरी आयव्हरमेक्टिन खात होते ना, त्याच्या बाजूने जोरात बोलणारा एक इजिप्तचा अभ्यास होता. त्यात पेशंटच्या ओळीच्या ओळी पुन्हा चिकटवलेल्या आहेत, हे लंडनच्या एका मेडिकलच्या विद्यार्थ्याच्या शोधातून बाहेर आलं आणि जुलैमध्ये तो अभ्यास मागे घेतला गेला. पकडला गेला, कारण उघड्यावर होता. मरून रेक्झिनमध्ये बांधलेलं कोण पकडणार?

आता चाचण्यांच्या नोंदणीसाठी आपली सीटीआरआय आहे, २००७ पासून. तिच्या फॉर्ममध्ये 'हा पदव्युत्तर थिसिस आहे का' असा रकानाही आहे. नोंदणी होते, चांगलं आहे. पण मी उघडून पाहिलेल्या कित्येक थिसिसच्या नोंदींत निकालाची जागा कोरी आहे. पास झालेली मुलं रामदासपेठेत नोकरीला लागली, नोंद तिथेच गोठली. माझी मागणी साधी आहे: थिसिसचं पीडीएफ आणि मास्टर चार्ट (एकेका पेशंटच्या माहितीचा तक्ता), पेशंटची ओळख काढून, कॉलेजने सर्वांना दिसेल असं ठेवल्याशिवाय डिग्री देऊ नये. ज्या बाईने माझ्या फॉर्मवर अंगठा उठवला, तिला मी सांगितलं होतं की याचा पुढच्या बायकांना उपयोग होईल. परीक्षेपुरतं हवंय, असं नव्हतं सांगितलं.

हो, मास्टर चार्ट. थिसिसच्या शेवटी घडी घालून चिकटवलेला तो मोठा कागद, जो कोणीच उघडत नाही. मी उघडला. त्यात साठच्या साठ ओळी आहेत. आठ ओळींत काही आठवड्यांनंतर नुसती आडवी रेघ. त्या आठपैकी सात रोजच्या गोळीच्या. त्यातली एक मला आठवते, उमरेडकडून एसटीने यायची, गोळीने उलट्या होतात म्हणायची. मी तिला "जेवणानंतर घे" सांगून पाठवलं होतं.

'काही निघालं नाही' म्हणे.

माझ्या गाईड सरांना फोन केला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मी सगळं सांगितलं, सम-विषमसुद्धा. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या आठजणींचं मी तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. चार्ट पाठव. जरा मोठ्या अक्षरात काढ फक्त, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे."