धबधब्याला घरफाळा

शंभर रुपयांची ती गुलाबी पावती मी मुद्दाम फ्रिजवर लावली आहे. वाहनाच्या प्रकारापुढं निळ्या पेनानं लिहिलंय : ‘बस (घर)’. राग गेला की काढेन.

पुण्याच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, भाड्यानं कॅराव्हॅन घेतली आणि “वहिनी, एका दिवसात धबधबा करून येऊ” म्हणून फोन केला. गाडीत पलंग, शेगडी, फ्रिज, बेसिन, संडास, सगळं. आता कोल्हापूरच्या आसपास इतके धबधबे आहेत की जुलैत धबधबा चुकवायचा तर बेत आखावा लागतो. पण भाऊजींनी तक्ता केला. गाडीची उंची, रस्त्याची रुंदी, पाण्याची टाकी किती, सांडपाण्याची किती. तक्त्यात सासूबाईंच्या गुडघ्यांसाठीही एक रकाना होता.

आंबोली आधी बाद झाली, कारण रविवारी तिथं गाड्या बघायला मिळतात आणि त्यांच्या फटीतून पाणी. गोकाकला घटप्रभा 52 मीटरवरून कोसळते, पण ते कर्नाटकात, आणि भाड्याच्या गाडीला परमिटची भानगड. बर्कीला शेवटी चालावं लागतं. चालायचंच तर घर कशाला बरोबर न्यायचं? गगनबावडा म्हटलं तर मांडुकलीत रस्त्यावर पाणी आलं की सगळं जिथल्या तिथं. जुलैत कोल्हापुरात कुठलाही बेत फुटांत ठरतो. राजाराम बंधाऱ्याशी पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका. इथं माणसं “कसं काय?” विचारायच्या आधी “किती फूट?” विचारतात. भाऊजींच्या तक्त्यात नेमका तोच रकाना नव्हता.

शेवटी राधानगरीची वाट धरली. गावाचं नाव सांगत नाही, त्या बाजूला आमची सोयरीक आहे. वाटेत भाऊजी धरणाची माहिती सांगत होते : पाणी चढलं की सातही दरवाजे आपोआप उघडतात, ना वीज लागते ना माणूस. आमच्या गाडीचा एकुलता दरवाजा मात्र बटण दाबून, वरून लाथ घातल्यावर उघडत होता.

वाहनतळ म्हणजे शेताच्या कडेला मुरूम टाकलेला तुकडा. खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेतलेले एक मामा काठी आडवी धरून उभे. गळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत पावतीपुस्तक. दुचाकी 20, चारचाकी 50, बस 100. मामांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग उलटी मारली.

“डोळं तपासायची गाडी हाय व्हय?”

“नाही मामा. कॅराव्हॅन,” भाऊजी.

“रगात घ्यायची?”

“फिरायची. आत राहता येतं.”

“मग बस.”

“बस कशी? आम्ही घरचीच माणसं. चारचाकीची फाडा.”

“चाकं मोजली मी. सा हायती.”

भाऊजी वाकून बघायला लागले. मागं जोड चाकं होती. तक्त्यात नव्हती.

“आत काय काय हाय?”

“पलंग, गॅस, बेसिन...”

“संडास?”

“आहे की!” भाऊजी अभिमानानं म्हणाले.

मामांनी पुस्तक मिटलं. “मग ह्ये घर झालं. घराची पावती माझ्याकडं न्हाई. घराला घरफाळा आसतोय, त्यो पंचायतीत. आन् आज रविवार.”

भाऊजींचा आवाज चढला. “अहो, सरकारचं 2021 चं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आहे!”

“आसंल की. धोरणाचा दर ह्या पुस्तकात दावा, फाडतो.”

मागं हॉर्न सुरू झाले. बुलेटवरचा एक पोरगा ओरडला, “ओ मामा, विमानाची फाडा, पण सोडा!” मामा ढिम्म. त्यांनी कुणाला तरी फोन लावला. “व्हय, संडास हाय म्हणत्यात. न्हाई, बघितला न्हाई. बघू?”

आणि बघितला. चपला पायरीशी काढून, देवळात शिरावं तसे आत आले. गादी दाबली, फ्रिज उघडून त्यातल्या दह्याकडं बराच वेळ पाहिलं, नळ सोडला. सासूबाईंनी सवयीनं चहा पुढं केला, तो उभ्यानंच प्यायले. मग संडासाचं बटण दाबलं आणि कान देऊन ऐकलं.

“पाणी कुठं जातंय?”

“खाली टाकीत.”

“म्हंजे संगंच घिऊन हिंडताय?” मामांनी माझ्याकडं ज्या करुणेनं बघितलं, तसं माझ्या माहेरच्यांनीही कधी बघितलेलं नाही. “नाद खुळा.”

मग बसची पावती फाडली, कंसात घर लिहिलं, माझा मोबाइल नंबर मागच्या बाजूला टिपला, “नियम हाय” म्हणाले. चाकांना दगड लावून गाडी उभी केली तरी उतारामुळं ते दही लादीवर आलं.

धबधबा होता. पडत होता. त्याचा आवाज पाच-सहा गाड्यांच्या साउंड सिस्टीमखाली कुठंतरी असणार, आणि पाय टाकावा तिथं बाटलीची काच. आम्ही भिजून परत आलो तोवर दारावर टकटक. मामा. बरोबर एक बाई आणि पाय आवळून उभी असलेली चिमुरडी. “वहिनी, पोरीला जरा...”

नाही कसं म्हणणार? पोरीमागून तिची आई गेली, आईमागून मावशी, मग इचलकरंजीहून आलेला अख्खा गट. मामा रांग लावत होते. “फकस्त बायका! बापयांनी तिकडं, झाडं हायती.” आणि मला हसूही येईना. सकाळपासून शेकड्यांनी बायका त्या पावसात येत होत्या. आडोसा म्हणजे ओली झुडपं आणि मैत्रिणीनं धरलेली ओढणी. पुरुषांचं काय, सगळा सह्याद्री त्यांचाच. चाकं मोजून पैसे घ्यायला माणूस ठेवता येतो, पण त्याच पैशातून चार पत्रे उभे करून एक दार लावायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. बायका घरूनच पाणी न पिता निघतात. मीही आजवर तशीच निघत आले. रांगेतल्या एका आजींनी बाहेर येऊन माझ्या हातात दहा रुपये ठेवले. परत दिले तर रागावल्या.

दुपारी टाकीचा लाल दिवा लागला. ती रिकामी कुठं करायची? मामांनी धबधब्याच्या ओढ्याकडं बोट दाखवलं, तेव्हा सासूबाईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं की त्यांनी बोट खोळीत घातलं. वाटेतल्या पेट्रोलपंपावरच्या माणसानं नुसते हात जोडले. परिते गेलं, हळदी गेलं, पुईखडी आली. दर स्पीडब्रेकरला गाडीतलं बोलणं थांबायचं. रात्री बॅटरीच्या उजेडात ते सगळं आमच्या सेप्टिक टँकमध्ये उतरवलं. शेजारच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, “बोअर मारताय काय?” भाऊजी म्हणाले, “हो.”

काल मामांचा फोन आला. “वहिनी, येत्या रविवारी येताय न्हवं? म्हयला मंडळाची बस यायची हाय. पावती माफ.”

मी विचारलं, घरफाळ्याचं काय?

“त्ये ग्रामसभंत ठेवलंय.”