‘एक भाषा, एक धर्म, जातपात नाही’: वसाहतींच्या काळातली अमेरिका अशी नव्हती

अमेरिकेच्या मोठेपणावरचा एक मजकूर सध्या ग्रुपांवर फिरतोय. गोषवारा असा: अमेरिका उभी करणारे सगळे इंग्रज होते, एका भाषेचे आणि एका धर्माचे. ते धर्मस्वातंत्र्यासाठी समुद्र ओलांडून आले. त्यांच्यात जातपात नव्हती, कष्ट करील तो वर चढायचा. आजची सरमिसळ देशवार कोटे काढून टाकणाऱ्या 1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर सुरू झाली. शेवटी आपल्या देशासाठी उपदेशही आहे. तो सोडून देऊ, इतिहासापुरतं बोलू.

‘सगळे इंग्रज, एकच भाषा’

न्यूयॉर्क 1664 पर्यंत डचांचं न्यू ॲम्स्टरडॅम होतं. 1643 मध्ये तिथे गेलेल्या जोग नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्याला तिथल्या गव्हर्नरने सांगितलं की इथे अठरा भाषांची माणसं राहतात. तेव्हा त्या गावाची वस्ती शेकड्यांतच मोजावी एवढी होती. डेलावेअरच्या काठावर 1638 मध्ये स्वीडिश लोक उतरले, त्यांच्यात फिनिशही होते. 1685 मध्ये फ्रान्सच्या राजाने प्रोटेस्टंटांचं संरक्षण काढून घेतल्यावर फ्रेंच ह्यूगेनो कुटुंबं चार्ल्सटनला येऊन राहिली.

पेनसिल्व्हेनियात तर स्वातंत्र्ययुद्धाच्या सुमारास जवळपास एक तृतीयांश लोक जर्मन होते. तिथलाच छापखानेवाला आणि पुढे राष्ट्रनिर्माता ठरलेला बेंजामिन फ्रँकलिन, त्याला याची मोठी धास्ती. आपण यांना इंग्रज करण्याऐवजी हेच आपल्याला जर्मन करून टाकतील, असं त्याने 1751 मध्ये लिहिलं. त्याच लेखात त्याने स्वीडिश आणि बहुतेक जर्मन लोकांना सावळ्या रंगाचे ठरवलं. खरे गोरे म्हणजे इंग्रज आणि सॅक्सन. (याच फ्रँकलिनने 1732 मध्ये जर्मन वर्तमानपत्र काढून पाहिलं होतं. धंद्यापुरते जर्मन चालत होते.) पुढे स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाल्याची बातमी सर्वांत आधी छापली ती फिलाडेल्फियातल्या एका जर्मन पत्राने, 5 जुलै 1776 रोजी.

आणि मूळ रहिवासी? त्या मजकुरात ते नाहीतच. इंग्रज वसाहतींत छापलेलं पहिलं संपूर्ण बायबल इंग्रजीत नव्हतं. 1663 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला ते छापलं गेलं तिथल्याच मूळ रहिवाशांच्या भाषेत. छापखान्यात जेम्स प्रिंटर नावाचा निपमक जमातीचा तरुण काम करत होता.

एक मात्र मान्य करायला हवं. बोस्टनच्या आसपासचा न्यू इंग्लंडचा भाग बराचसा इंग्रज आणि प्युरिटन (कडक आचाराचा प्रोटेस्टंट पंथ) होता. मजकूर लिहिणाऱ्याने तो एक कोपरा उचलला आणि त्यालाच देश म्हटलं.

‘धर्मस्वातंत्र्यासाठी आले’

1607 मध्ये जेम्सटाउन वसवलं ते भागधारकांच्या एका कंपनीने. सोनं सापडेल अशी आशा होती. ते मिळालं नाही, मग तंबाखूने तारलं. 1620 च्या मेफ्लॉवर जहाजावर 102 प्रवासी होते आणि त्यांतले सुमारे निम्मे इंग्लंडच्या चर्चपासून फुटलेल्या, धर्मासाठी निघालेल्या पंथाचे नव्हतेच. बोस्टनच्या प्युरिटनांना स्वातंत्र्य हवं होतं ते स्वतःपुरतं. वेगळं बोलणाऱ्या रॉजर विल्यम्सला त्यांनी हद्दपार केलं, त्याने 1636 मध्ये प्रॉव्हिडन्स वसवलं. ॲन हचिन्सनलाही घालवून दिलं. मेरी डायर ही क्वेकर (पाद्री न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाची) बाई हद्दपारी मोडून परत आली म्हणून 1660 मध्ये तिला बोस्टनमध्ये फाशी दिली.

1654 मध्ये ब्राझीलमधून 23 ज्यू न्यू ॲम्स्टरडॅमला पोचले. गव्हर्नर स्टायव्हेसंटला ते नको होते. वसाहतीची मालक असलेल्या डच कंपनीने त्याला आवरलं, त्याचं एक कारण म्हणजे कंपनीत ज्यूंचेही पैसे गुंतले होते. मनापासून सहिष्णुता पाहायची तर विल्यम पेन या क्वेकराने वसवलेल्या पेनसिल्व्हेनियात जावं लागे. तिथल्या जर्मनटाउनमधल्या चार जणांनी 1688 मध्येच गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला होता.

मुसलमानही होते, साखळदंडात आलेले. अयुबा सुलेमान दियालो हा पश्चिम आफ्रिकेतला शिकलेला माणूस 1730 च्या सुमारास मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून विकला गेला. त्याने वडिलांना अरबीत लिहिलेलं पत्र लंडनला पोचलं, त्यातून त्याची सुटका झाली आणि 1734 मध्ये तो मायदेशी परतला. असं नशीब इतर फारच थोड्यांना लाभलं.

‘जातपात नव्हती’

हा मुद्दा सर्वांत जास्त शेअर होतो आणि सर्वांत खोटा आहे.

आधी गोऱ्यांचं बघा. वसाहतींत आलेल्या युरोपियनांपैकी निम्म्याहून जास्त लोक करारबद्ध नोकर म्हणून आले. जहाजाच्या भाड्यापोटी साधारण चार ते सात वर्षं राबायचं; त्या काळात मालक करार दुसऱ्याला विकू शके आणि त्याच्या परवानगीशिवाय लग्नही करता येत नसे. शिवाय अठराव्या शतकात ब्रिटनने सुमारे 50 हजार कैदी इकडे पाठवले.

1619 मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर वीसेक अंगोलन माणसं उतरवली गेली. सुरुवातीच्या त्या वर्षांत रेषा पुसट होत्या. 1621 मध्ये ‘अँटोनिओ’ म्हणून आणलेला एक आफ्रिकन पुढे सुटला, अँथनी जॉन्सन झाला आणि 1651 मध्ये 250 एकरांचा धनी बनला. त्याच्या पदरी स्वतःचे नोकर आणि एक गुलामही होता. एलिझाबेथ की ही आफ्रिकन आईची आणि इंग्रज बापाची मुलगी. बाप स्वतंत्र इंग्रज आणि माझा बाप्तिस्मा झालेला, मग मी गुलाम कशी, असा दावा तिने लावला आणि 1656 मध्ये ती सुटली.

यानंतरचे व्हर्जिनियाचे कायदे तारखांसकट वाचावेत. 1662: मूल आईच्या दर्जाचं, बाप कोणीही असो. 1667: बाप्तिस्मा घेतला म्हणून गुलाम सुटणार नाही. 1676 मध्ये नथॅनिएल बेकनने गव्हर्नरविरुद्ध केलेल्या बंडात गोरे नोकर आणि काळे गुलाम एकत्र लढले, जेम्सटाउन जाळलं. मळेवाल्यांच्या पोटात गोळा आला. 1691: काळ्या किंवा मूळ रहिवासी व्यक्तीशी लग्न करणारा गोरा वसाहतीबाहेर. 1705: करार संपलेल्या गोऱ्या नोकराला मालकाने मका, पैसे आणि बंदूक द्यावी, गुलाम मात्र जमिनीसारखी स्थावर मालमत्ता.

जन्माने ठरणारा दर्जा, धर्म बदलूनही न सुटणारा, आणि बेटीबंदी कायद्यात लिहिलेली. मराठी माणसाला याची ओळख करून द्यायला नको. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये शूद्रातिशूद्रांच्या दास्याबद्दलचं आपलं पुस्तक अर्पण केलं ते गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकनांना. त्यांना जे दिसलं, ते आपल्या फॉरवर्डवाल्यांना दीडशे वर्षांनी दिसू नये?

हे दक्षिणेपुरतं होतं, अशी पळवाटही नाही. साउथ कॅरोलायनात 1708 पर्यंत काळे लोक बहुसंख्य झाले होते हे खरं, पण अठराव्या शतकाच्या मध्याला न्यूयॉर्क शहरातही दर पाचांमागे साधारण एक माणूस गुलाम होता.

‘विविधता 1965 नंतर आली’

1790 च्या पहिल्या जनगणनेत 39 लाख लोक मोजले गेले, त्यांत सुमारे सात लाख गुलाम. एकूण काळ्यांचं प्रमाण एक पंचमांशाच्या जवळ होतं, आजच्यापेक्षा जास्त. मूळ रहिवासी बहुतांशी मोजलेच नव्हते.

भारताचं म्हणाल तर व्हर्जिनियाच्या 1635 च्या नोंदीत ‘टोनी, ईस्ट इंडियन’ असा एक नोकर सापडतो. कुठल्या गावचा, खरं नाव काय, हे कोणी लिहून ठेवलं नाही.

मग पुढे भारतीय इतके कमी का? 1790 च्याच नागरिकत्व कायद्याने परदेशातून आलेल्यांपैकी फक्त ‘मुक्त गोऱ्या’ माणसाला नागरिक होता येईल असं ठरवलं. त्याच परंपरेतल्या कायद्यावर बोट ठेवून 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाबच्या भगतसिंग थिंड यांना गोरे मानायला नकार दिला. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्याच सैन्यात होते. भारतीयांना नागरिक होण्याचा हक्क 1946 मध्ये मिळाला आणि त्यासोबत भारतासाठी स्थलांतराचा कोटा ठरला: वर्षाला 100 माणसं.