‘फुकट असून जात नाहीत’ म्हणणाऱ्या दादांना उत्तर

दादा, मिरज जंक्शनबाहेर झोपणाऱ्या लोकांसाठी आठवड्यातनं दोन रात्री फिरता दवाखाना यावा असं मी लिहिलं, त्यावर तुमची कमेंट: "एसीत बसून समाजसेवा सोपी असते. सरकारी दवाखान्यात सगळं फुकट आहे, असले लोकच जात नाहीत. दारूला बरे पैसे असतात यांच्याकडं. आणि महापालिकेनं या थेरांना पैसे आणायचे कुठनं?"

पटलं नाही एवढंच लिहिलं असतं तरी चाललं असतं की. एसी कुठला? स्टेशन रोडला माझं मेडिकल आहे, आधी वडील बसायचे, रात्री शटर ओढताना समोरच्या कट्ट्यावर कोण अंथरूण टाकतंय हे मी शाळेत असल्यापासनं बघतोय. तुम्ही तिथं शेवटचं कधी थांबलात?

दारूचं मान्य, काही जण पितात. म्हणून पाय सडू द्यायचा का?

आता ते "जात नाहीत". २०२३ च्या १५ ऑगस्टपासनं राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार फुकट झाले, चांगलंच झालं. पण केसपेपर फुकट मिळाला म्हणजे झालं का? शुगरवाल्याच्या पायाची जखम रोज ड्रेसिंग मागते, रांगेत सकाळ गेली की त्या दिवसाची हमाली बुडते, आणि आत जाताना गाठोडं ठेवायचं कुणापाशी? सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतनं फुकट उपचार घ्यायला रेशनकार्ड नि ओळखपत्र लागतं. धर्मादाय हॉस्पिटलात निर्धनांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात, तिथं उत्पन्नाचा पुरावा मागतात, आणि ज्याला पत्ताच नाही त्याला तहसीलदार दाखला देणार कशावर? टीबीच्या गोळ्या फुकट आहेत, पण कोर्स सहा महिन्यांचा, आणि खुराकाचे महिन्याला १००० रुपये जमा होतात बँक खात्यात. खातं कुठाय?

दुकानात एक बाबा यायचे, कागद-पुठ्ठा वेचणारे. एका दवाखान्यानं, नाव घेत नाही, त्यांना "नातेवाईक घेऊन या" म्हणून परत पाठवलेलं. दुसरीकडं इन्सुलिन लिहून मिळालं, पण ते थंड ठेवायचं कुठं? शेवटी बाटली माझ्या फ्रीजमध्ये राहिली आणि बाबा रोज शटर उघडायच्या आधी येऊन बसलेले असायचे, पावसात पण. हे तुमच्या "जात नाहीत" मध्ये कुठं बसतं सांगा. सोय पायाशी आली की माणूस येतो, म्हणून तर मी रात्रीची गाडी मागतोय, बीपी-शुगर तपासणारी, ड्रेसिंग करणारी, गोळ्या हातात देणारी, पुढच्या खेपेला त्याच माणसाला नावानं शोधणारी.

आणि कागदाशिवाय उपचार देणं काय मी शोधून काढलेलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे, बेघर माणसाला सरकारी ठिकाणी मानसिक उपचार फुकट, दारिद्र्यरेषेचं कार्ड असो नसो. मनाच्या आजाराला जे चालतं ते पायाच्या जखमेला का चालू नये? कायदा करणाऱ्यांना कळलं, तुम्हाला का अवघड जातंय?

पैशांचं आयुक्तांना विचारा, महापालिकेचं बजेट मी लिहीत नाही. बाकी "थेरं" वगैरेला उत्तर द्यायची माझी इच्छा नाही.

परत जरूर लिहा, विरोधात लिहा, पण "असले लोक" हा शब्द परत दिसला तर कमेंट उडवणार.